व्हायरल न्यूमोनियाच्या सीटीत फंगस दिसतो का, आणि दिसला तर कशावरून

आयसीयूत ड्यूटी करणाऱ्या एका रेसिडेंटचा प्रश्न आहे. पेशंट कोविड न्यूमोनियाचा, व्हेंटिलेटरवर, स्टेरॉइड चालू, मध्ये जरा सुधारला होता पण आजाराच्या सतराव्या दिवशी ऑक्सिजन परत वाढवावा लागला म्हणून सीटी केला, तर रिपोर्टात "डाव्या वरच्या लोबमध्ये नवीन कॅव्हिटी, फंगल इन्फेक्शनची शक्यता" एवढंच आलं. आता हा फंगस धरून औषध सुरू करायचं का, आणि सीटीवर फंगस ओळखतात तरी कसा, हेलो साइन वगैरे वाचलंय पण इथे तर अख्खं फुफ्फुसच पांढरं आहे, असं त्यांनी विचारलंय.

तुमचं ते शेवटचं वाक्य आहे ना, तीच खरी अडचण आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हेलो साइन (गाठीभोवती धुरकट कडी), एअर क्रिसेंट (गाठीत अर्धचंद्रासारखी हवा) ही जी नावं आपण पाठ करतो ती बहुतेक सगळी ल्युकेमियाच्या पेशंटवरून आलीत. केमो झालेली, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ शून्य, आणि बाकी फुफ्फुस स्वच्छ काळं. अशा फुफ्फुसात ॲस्परजिलस हा फंगस रक्तवाहिनीत घुसतो, ती बंद पाडतो, पुढचा तुकडा मरतो आणि त्याच्याभोवती रक्त झिरपतं. मधली घट्ट गाठ म्हणजे तो मेलेला भाग आणि भोवतीची धुरकट कडी म्हणजे ते रक्त, झाला हेलो. काळ्या पाटीवर खडूचा ठिपका दिसावा तसा तो दिसतो. आता हाच ठिपका आधीच धुरकट झालेल्या फुफ्फुसात टाका. कडी दिसणार कशी, सगळीकडेच ग्राउंड ग्लास म्हणजे धुरकट पांढरेपणा आहे. त्यामुळे व्हायरल न्यूमोनियात हेलो नाही म्हणून फंगस नाही असं कधीही म्हणू नका. आणि उलटंही तितकंच खरं, एखाद्या गाठीभोवती ग्राउंड ग्लास दिसतंय म्हणून तो हेलोच आहे असंही नाही, तो नुसता व्हायरसचा पॅच असू शकतो.

त्यात हेलो टिकतोही फार कमी. २००१ साली न्यूट्रोपेनियाच्या (न्यूट्रोफिल फार कमी झालेल्या) २५ पेशंटचे ओळीने सीटी काढून बघितले होते, पहिल्या दिवशी ९६ टक्के पेशंटमध्ये हेलो होता आणि आठवड्याभरात तो २२ टक्क्यांवर आला. एअर क्रिसेंट बरोबर उलटा, पहिल्या दिवशी कुणातच नाही आणि चौदाव्या दिवशी ६३ टक्क्यांत. म्हणजे स्वच्छ फुफ्फुसातसुद्धा ही चिन्हं तारखेवर अवलंबून असतात. तुमच्या पेशंटचा सीटी नेमका कुठल्या दिवशी झाला यावर काय दिसणार ते ठरतं.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. फ्लू किंवा कोविडच्या पेशंटमध्ये न्यूट्रोफिल असतात, पण व्हायरसने श्वासनलिकेचं आतलं अस्तरच सोलून काढलेलं असतं, सिलिया (अस्तरावरचे घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस) काम करत नाहीत, वरून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कुणाला प्रतिकारशक्ती दाबणारं टोसिलिझुमॅब. त्यामुळे इथे फंगस बऱ्याचदा आधी नळ्यांच्या बाजूने शिरतो, रक्तवाहिन्यांत घुसणं नंतर येतं किंवा येतच नाही. सीटीवर मग मोठी देखणी गाठ न दिसता नळ्यांच्या जाड झालेल्या भिंती दिसतात, नळीच्या टोकाशी बारीक दाणे म्हणजे ट्री-इन-बड, नळीच्या कडेकडेने कन्सॉलिडेशनचे, म्हणजे घट्ट पांढऱ्या झालेल्या भागाचे पॅच. हे सगळं साध्या बॅक्टेरियल ब्रॉन्कोन्यूमोनियासारखंच दिसतं हे मान्य करूनच पुढे जायचं. आणि फंगस जर फक्त ट्रेकिया आणि मोठ्या ब्रॉन्कायच्या अस्तरातच असेल तर सीटी जवळपास जसाच्या तसा राहू शकतो, ब्रॉन्कोस्कोप आत घातल्यावरच ते पांढरट पापुद्रे आणि व्रण दिसतात. म्हणून सीटीत काही नवीन नाही पण पेशंट घसरतोय, अशा वेळी सीटीच्या भरवशावर फंगस नाकारू नका. हे मी रेडिओलॉजिस्ट असून सांगतेय.

हा प्रकार दुर्मिळ आहे असंही समजू नका. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या सात आयसीयूंतल्या इन्फ्लुएंझाच्या ४३२ पेशंटचा अभ्यास २०१८ साली आला, त्यात १९ टक्के पेशंटना इन्व्हेजिव ॲस्परजिलोसिस (टिश्यूत घुसलेलं ॲस्परजिलसचं इन्फेक्शन) होता, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीपासून कमी नव्हती त्यांच्यातही १४ टक्के. ९० दिवसांतली मॉर्टॅलिटी ॲस्परजिलोसिस असलेल्यांत ५१ टक्के आणि नसलेल्यांत २८ टक्के. कोविड यायच्या आधीची गोष्ट आहे ही. फ्लूमध्ये फंगस लवकर येतो, आयसीयूत आल्याच्या पहिल्या काही दिवसांतच, कोविडमध्ये सहसा आठवडाभर किंवा त्याहून उशिरा.

तर मग पांढऱ्या फुफ्फुसात शोधायचं कसं? माझी पद्धत अशी आहे की आधी व्हायरसचं कॅलेंडर लावते. साध्या, गुंतागुंत न झालेल्या कोविड न्यूमोनियाचा सीटीवरचा प्रवास साधारण ठरलेला आहे. पहिल्या चारेक दिवसांत प्लुराच्या म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कडेने आणि खालच्या लोबमध्ये ग्राउंड ग्लास, मग आठवडाभरापर्यंत ते पसरतं आणि क्रेझी पेव्हिंग (धुरकट भागात रेघांचं जाळं) येतं, नवव्या ते तेराव्या दिवसाच्या आसपास कन्सॉलिडेशन सगळ्यात जास्त, आणि दोन आठवड्यांनंतर ते हळूहळू विरायला लागतं, पट्टे पडतात, कडा ओढल्या जातात. आयसीयूतल्या पेशंटमध्ये हे लांबतं पण दिशा तीच असते. आता सतराव्या दिवशी जुने पॅच विरत असताना एखादी जागा एकटीच घट्ट होत असेल, गोल होत असेल, किंवा आतून पोकळ होत असेल तर ते या कॅलेंडरात बसत नाही. मला हवं असतं ते हेच न बसणं. एकटा सीटी समोर ठेवून फंगस शोधायला गेलं तर निम्म्या पेशंटमध्ये फंगस दिसेल, म्हणून जुना सीटी शेजारी लावल्याशिवाय मी मत देत नाही, आणि जुना सीटी नसेल तर तसं रिपोर्टात लिहिते.

एक केस जरा जवळून सांगते. मध्यम वयाचा पेशंट, डायबेटिस नाही, दम्याशिवाय आधीचं काही नाही. नवव्या दिवशीच्या सीटीत दोन्ही खालच्या लोबमध्ये नेहमीचं ग्राउंड ग्लास. अठराव्या दिवशीच्या सीटीत खालचं बरंच निवळलेलं, आणि पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं की चला, सुधारतोय. पण क्लिनिकल माहितीत ताप परत आलाय असं लिहिलं होतं म्हणून परत एकेक स्लाइस सरकवत गेले. उजव्या वरच्या लोबच्या मागच्या सेगमेंटमध्ये धुरकट भागाच्या आत एक जागा थोडी जास्त पांढरी होती, १६ मिलिमीटर, लंग विंडोवर (सीटीचं फुफ्फुसासाठीचं सेटिंग) कडा धड कळत नव्हत्या. मेडियास्टायनल विंडो (घट्ट भागांसाठीचं सेटिंग) लावली आणि भोवतालचं ग्राउंड ग्लास गायब झालं, राहिली फक्त ती गाठ, गोल, आणि तिच्या मधोमध एक काळपट डाग, म्हणजे आतला टिश्यू मरायला लागलेला पण अजून हवा शिरलेली नाही. याला हायपोडेन्स साइन म्हणतात, पोकळी व्हायच्या आधीची पायरी आहे ती. नवव्या दिवशी त्या जागी काहीही नव्हतं. रिपोर्टात सेगमेंटचं नाव घालून लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच सेगमेंटमधून बॅल (ब्रॉन्कोस्कोपने सलाइन सोडून परत ओढलेला नमुना) घेतला, गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसच्या पेशीभित्तीतला घटक) चांगलाच पॉझिटिव्ह आला आणि कल्चरमध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटस वाढला. रक्तातला गॅलॅक्टोमॅनन मात्र निगेटिव्ह होता, या पेशंटमध्ये तो बऱ्याचदा निगेटिव्हच असतो, त्यावर विसंबून राहू नका.

तेव्हा हात जोडून सांगते, दोन्ही विंडो बघा. लंग विंडोवर सगळं फुफ्फुस एकसारखं वाईट दिसतं, मेडियास्टायनल विंडो धुरकट भाग पुसून टाकते आणि खरोखर घट्ट काय आहे तेवढं ठेवते. स्लाइस १ ते १.५ मिलिमीटरच्या हव्यात, ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइसमध्ये ट्री-इन-बड हमखास सुटतं. कोरोनल (समोरून दिसणारा उभा छेद) बघा, कारण वरच्या लोबमधला एकटा फोकस कोरोनलवर लगेच डोळ्यात भरतो.

आता पोकळीबद्दल, कारण तुमच्या रिपोर्टात तेच आहे. कॅव्हिटी दिसली की सगळे फंगस म्हणतात, आणि ती महत्त्वाची खूण आहेच, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये पोकळीची कारणं भरपूर आहेत. पहिलं म्हणजे न्यूमॅटोसील. एआरडीएसच्या (सूज येऊन ताठ झालेल्या) फुफ्फुसावर प्रेशर पडलं की हवेचे फुगे तयार होतात, भिंत पातळ आणि गुळगुळीत, आत काही नाही, बऱ्याचदा पुढच्या बाजूला, सोबत न्यूमोथोरॅक्स किंवा मेडियास्टायनममध्ये हवा. फंगसच्या पोकळीची भिंत जाड, आतून खडबडीत, आणि ती आधी घट्ट असलेल्या जागेतच तयार होते, हे जुन्या सीटीवर तपासता येतं. दुसरं बॅक्टेरिया, फ्लूनंतरचा स्टॅफ तर एकदोन दिवसांत फुफ्फुस पोखरतो, अनेक ठिकाणी एकदम आणि पेशंट फार आजारी, शिवाय क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास आहेतच. इतका वेग सहसा फंगसचा नसतो. तिसरं टीबी, स्टेरॉइडवर असलेल्या पेशंटच्या वरच्या लोबमध्ये पोकळी असेल तर बॅलमध्ये टीबीची तपासणी पाठवायचीच, वेगळी आठवण कुणी करून द्यायची वाट बघू नका.

चौथं इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला तुकडा, आणि इथे मी स्वतः चुकलेय. कोविडच्याच एका पेशंटच्या उजव्या खालच्या लोबमध्ये प्लुराला टेकलेला पॅच होता, मध्ये धुरकट आणि कडेला घट्ट कडी, म्हणजे रिव्हर्स हेलो. शुगर खूप वर, स्टेरॉइड जास्त. मी "म्युकर प्रथम विचारात घ्यावा" असं लिहिलं. म्युकर हा ॲस्परजिलसहून वेगळा फंगस, त्याच्यासाठी ॲम्फोटेरिसिन सुरू झालं, क्रिएटिनिन चढलं म्हणजे किडनीवर ताण आला, आणि चार दिवसांनी वेगळ्याच कारणासाठी कॉन्ट्रास्ट देऊन पल्मनरी अँजिओ केला तर त्याच सेगमेंटच्या आर्टरीत क्लॉट. बॅल, बायोप्सी सगळं निगेटिव्ह. रिव्हर्स हेलो इन्फार्क्टमध्ये दिसतो हे मला माहीत होतं, कोविडमध्ये क्लॉट होतात हेही माहीत होतं, पण शुगरचा आकडा वाचून डोळे आधीच एका दिशेला वळले होते. त्या दिवसापासून प्लुराला टेकलेला त्रिकोणी किंवा कडी असलेला पॅच दिसला की किडनी परवानगी देत असेल तर अँजिओ सुचवते. त्याचा दुहेरी फायदा आहे, क्लॉट असेल तर कळतो, आणि फंगस असेल तर गाठीच्या कडेशी आर्टरी कापल्यासारखी अचानक बंद झालेली दिसू शकते, ही खूण फंगसच्या बाजूने चांगली जड आहे. शिवाय पेशंटच्या थुंकीतून रक्त येत असेल तर स्यूडोअॅन्युरिझम म्हणजे आर्टरीच्या भिंतीला आलेला फुगा आहे का हे कॉन्ट्रास्टशिवाय कळणारच नाही.

म्युकरचं सांगायलाच हवं कारण औषध वेगळं आहे. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर चालतं, म्युकरवर चालत नाही, आणि व्होरिकोनाझोल चालू असताना नवीन गाठ येत असेल तर म्युकरचा विचार आलाच पाहिजे. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या फंगसच्या दोन्ही तपासण्या म्युकरमध्ये सहसा निगेटिव्ह असतात, त्यामुळे इथे इमेजिंगवर जास्त भार येतो. म्युकरच्या बाजूने काय झुकतं? रिव्हर्स हेलो, दहापेक्षा जास्त गाठी, प्लुरात पाणी, आणि सोबत सायनसचा आजार. पण ही यादी मुळात कॅन्सरच्या पेशंटवरून आलेली आहे, आणि कोविडमध्ये ऑर्गनायझिंग न्यूमोनिया (इजा भरून येताना होणारी सूज) इतका होतो की रिव्हर्स हेलो त्यामुळेही दिसतो. मला आत बघायची सवय लागलीय. म्युकरमध्ये कडी जाड असते आणि आतल्या धुरकट भागात जाड रेघांचं जाळं असतं, घरट्यातल्या काड्यांसारखं, ऑर्गनायझिंग न्यूमोनियात कडी पातळ, आत जवळपास कोरं, आणि असे पॅच दोन्हीकडे अनेक असतात. शंभर टक्के नाही हे, पण उपयोगी पडतं. म्युकरची शंका असेल तर सायनसचाही सीटी करून घ्या, २०२१ साली भारतात म्युकरची जी लाट आली तिच्यातही बहुतेक केसेस नाक, सायनस आणि डोळ्याच्याच होत्या, फुफ्फुसाच्या त्या मानाने थोड्या. आणि आजार एकाच लोबमध्ये असेल तर रिपोर्टात हायलमपासून (नळ्या आणि रक्तवाहिन्या फुफ्फुसात शिरतात ती जागा), मोठ्या आर्टरीपासून तो किती जवळ आहे ते लिहायचं, सर्जनला पहिला प्रश्न तोच पडतो.

न्यूमोसिस्टिस हा आणखी एक फसवा फंगस. तो गाठ करत नाही, पोकळी सहसा करत नाही, तो दोन्ही बाजूंना एकसारखं ग्राउंड ग्लास करतो, म्हणजे व्हायरससारखंच. फरक इतकाच की तो मधल्या भागात, वरच्या लोबकडे जास्त असतो आणि प्लुराला लागून पातळ पट्टी मोकळी सोडतो, कधी पातळ भिंतीच्या सिस्ट असतात. कडेचं जुनं ग्राउंड ग्लास निवळतंय आणि मधून नवीन ग्राउंड ग्लास भरतंय, पेशंट बरेच आठवडे स्टेरॉइडवर आहे, तर बीटा-डी-ग्लुकन आणि बॅलचा पीसीआर पाठवा. कँडिडाबद्दल एवढंच की थुंकीत किंवा ट्यूबच्या स्रावात तो आला म्हणजे कँडिडा न्यूमोनिया नाही, तो तिथे राहतच असतो, त्यासाठी सीटी बघून औषध सुरू करू नका.

एक्स-रेबद्दल फार सांगत नाही. झोपलेल्या पेशंटचा पोर्टेबल एक्स-रे ट्यूब कुठे आहे, न्यूमोथोरॅक्स झालाय का यासाठी रोज उपयोगी आहे, पण फंगससाठी तो तोकडा आहे, पोकळी मोठी होईपर्यंत काही सांगत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, औषध सुरू करायचं का. २०२० साली युरोपियन आणि आंतरराष्ट्रीय मायकॉलॉजीवाल्यांनी मिळून कोविडसोबतच्या ॲस्परजिलोसिसचे जे निकष काढले त्यात सीटीची भूमिका मुद्दाम मर्यादित ठेवलीय, फुफ्फुसात इन्फिल्ट्रेट किंवा पोकळी हवी आणि सोबत मायकॉलॉजीचा पुरावा हवा, बॅलमध्ये गॅलॅक्टोमॅनन इंडेक्स १ किंवा जास्त, किंवा रक्तात ०.५ च्या वर, किंवा बॅलमध्ये कल्चर, पीसीआर वगैरे. म्हणजे नुसत्या सीटीवर कुणालाही फंगसचं लेबल लावता येत नाही. मला हे पटतं. सीटीने तुम्हाला सांगायचं ते कुठे आणि किती घाईने, कोण आहे ते बॅल सांगेल. तुमच्या पेशंटमध्ये डाव्या वरच्या लोबमध्ये जागा कळलीय, तर त्याच सेगमेंटमधून बॅल घ्या, आंधळेपणाने कुठूनही नको, आणि स्कोप आत असतानाच ट्रेकियाची भिंत नीट बघून घ्या. ब्रॉन्कोस्कोपीला पेशंट झेपत नसेल, पोकळी खरंच नवीन आणि जाड भिंतीची असेल आणि तो घसरतच असेल, तर सॅम्पल जे मिळेल ते पाठवून औषध सुरू करणं मी चुकीचं मानत नाही, फक्त कधी थांबवायचं तेही त्याच दिवशी टीमसोबत ठरवा. भिंत पातळ आणि बाकी पेशंट ठीक असेल तर थांबून बघायला जागा आहे.

औषध सुरू झाल्यावर आठवड्यात घाईघाईने परत सीटी करून घाबरू नका. पहिल्या आठवड्यात औषध लागू पडत असतानाही गाठींचा आकार वाढतो, त्याच २५ पेशंटच्या अभ्यासात हे दिसलं होतं, आणि नंतर पोकळी होणं, आत अर्धचंद्रासारखी हवा येणं हे बऱ्याचदा शरीर मेलेला भाग सोडवतंय याचं लक्षण असतं. मी साधारण दोन आठवड्यांनी परत बघते. मधेच रक्त पडायला लागलं तर मात्र त्याच दिवशी, कॉन्ट्रास्टसहित, कारण पोकळी होण्याच्या याच टप्प्यावर मोठा रक्तस्राव होतो.

आणि पुढचा सीटी पाठवताना फॉर्मवर नुसतं "कोविड, फॉलोअप" लिहून पाठवू नका. लक्षणं सुरू झाल्याचा दिवस, स्टेरॉइड कधीपासून आणि किती, व्हेंटिलेटर कधीपासून, शुगर, रक्त पडतंय का, आधीच्या कल्चरमध्ये काय आलं, आणि जुना सीटी दुसरीकडे झाला असेल तर त्याची सीडी. वरच्या केसमध्ये "ताप परत आलाय" हे तीन शब्द कुणीतरी लिहिले होते म्हणून मी दुसऱ्यांदा बघितलं.